महिन्याला एकच चित्र

दुसरं महायुद्ध चालू असताना उत्तर वेल्समध्ये, ब्लायनाय फेस्टिनियोग नावाच्या गावाजवळ, एका रेल्वेपुलाखालचा रस्ता अडीच फूट खणून खाली घेण्यात आला. पुलाखालून एक चित्र न्यायचं होतं. व्हॅन डाइकने रंगवलेला पहिला चार्ल्स राजा, घोड्यावर बसलेला, बारा फूट उंचीचा कॅनव्हास. इतकं जुनं चित्र गुंडाळणं धोक्याचं, पूल हलवता येत नाही, तेव्हा रस्ताच खाली गेला. रस्ता पुढे डोंगरावर चढत मॅनोड इथल्या पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीकडे जात होता. खाणीचं तोंड सुरुंग लावून मोठं केलं होतं, त्यासाठी सुमारे 5000 टन दगड फोडून बाहेर काढला होता. आत विटांच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांतली हवा उबदार, कोरडी ठेवण्याची सोय केली होती. डोक्यावर निदान दोनशे फूट खडक. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्ब थांबेपर्यंत या खोल्यांमध्ये राहिली.

हा सगळा खटाटोप ज्याच्या कारकिर्दीत झाला तो गॅलरीचा संचालक केनेथ क्लार्क तेव्हा 36-37 वर्षांचा होता. चित्रं आधी वेल्समधल्याच बँगर, पेन्रिन, अ‍ॅबरिस्टविथ अशा ठिकाणी विखरून ठेवली होती. पण फ्रान्स पडल्यावर तिथेही जर्मन विमानं पोचू लागली. चित्रं जहाजाने कॅनडाला पाठवावीत असा विचार पुढे आला. क्लार्कला पाणबुड्यांची भीती वाटत होती. त्याने प्रश्न चर्चिलपुढे नेला. उत्तर आलं ते असं: गुहांत लपवा, तळघरांत लपवा, पण एकही चित्र या बेटांबाहेर जाता कामा नये.

क्लार्क आज बहुतेकांना आठवतो तो टीव्हीमुळे. 1969 साली बीबीसीवर आलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या तेरा भागांच्या मालिकेतला ट्वीडचा कोट घातलेला, दात थोडे पुढे असलेला, कॅथेड्रलसमोर उभा राहून शांतपणे बोलणारा सरदारी माणूस. मला मात्र त्याच्या आयुष्यातली ती पाच-सहा वर्षं पुन्हा पुन्हा ओढून नेतात, ज्यांत त्याच्याकडे युरोपातलं एक उत्तम संग्रहालय होतं आणि दाखवायला चित्रं नव्हती.

त्याच्या घराण्याचा पैसा दोऱ्याचा. स्कॉटलंडमधलं पेझली हे विणकरांचं गाव. काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर इतकी निघाली की आपल्या पैठणीच्या पदरावरची, मेंदीच्या हातावरची कोयरी जगभर त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या मागांच्या काही भागांना रेशमी दोरा लागायचा. नेपोलियनने 1806 मध्ये ब्रिटनचा व्यापार कोंडला, रेशीम मिळेना, तेव्हा पेझलीच्या क्लार्क कुटुंबाने रेशमाइतका गुळगुळीत आणि चिवट सुती दोरा तयार केला. मग लक्षात आलं की यानं शिवताही येतं. त्यातून गिरण्या उभ्या राहिल्या आणि 1896 मध्ये हा धंदा कोट्स कंपनीत विलीन झाला. आपल्याकडे भरतकामाच्या डब्यात अँकरचे दोरे असतात. ती अँकर पेझलीच्या क्लार्क मंडळींची. काश्मीरच्या शालीची नक्कल, तिच्यासाठी लागणारा दोरा, दोऱ्याचा पैसा आणि त्या पैशावर वाढलेला एक कला-इतिहासकार, अशी ही साखळी आहे. तिचं पहिलं टोक आपल्या बाजूला आहे, हे मला सांगावंसं वाटतं.

केनेथ 13 जुलै 1903 रोजी लंडनमध्ये जन्मला. वडिलांनी तरुणपणीच धंद्यातून अंग काढून घेतलं होतं. शिकार, नौका, माँटे कार्लोचा जुगार आणि दारू. आमच्याहून श्रीमंत माणसं पुष्कळ असतील, पण आमच्याहून रिकामटेकडी क्वचितच, अशा अर्थाचं वाक्य क्लार्कने आत्मचरित्रात लिहिलंय. एकुलता एक मुलगा. सफोकमधल्या त्या अवाढव्य घरात आईवडील एका ऋतूत असायचे, दुसऱ्यात नसायचे. घरात वडिलांनी घेतलेली चित्रं होती आणि मुलगा भिंतीवरची चित्रं काढून आपल्याला हवी तशी पुन्हा लावायचा. सातव्या वर्षी, 1910 च्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनात, फुलं रंगवलेले जपानी पडदे बघून तो थक्क झाला होता. एकट्या मुलांना खेळगडी कुठे ना कुठे शोधावा लागतो. याने तो भिंतीवर शोधला.

त्याला व्हायचं होतं चित्रकार. ऑक्सफर्डला गेल्यावर आपला हात तेवढा नाही हे त्याला कळलं. तिथल्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात मायकेलअँजेलो आणि राफाएलची रेखाटनं त्याला हातात घेऊन बघायला मिळत होती. त्यातून डोळा तयार झाला. 1925 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवर बर्नर्ड बेरेन्सन या दबदब्याच्या जाणकाराशी गाठ पडली. कुठलं चित्र कोणी काढलं हे नुसत्या नजरेने सांगणारा हा माणूस, आणि त्याचा शब्द बाजारात लाखमोलाचा. बेरेन्सनने या तरुणाला आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीसाठी हाताशी घेतलं. क्लार्क तिथे शिकला भरपूर, पण पुढे रोममध्ये आबी वारबुर्ग या जर्मन अभ्यासकाचं व्याख्यान ऐकून त्याचं मन वळलं. चित्र कोणाचं यापेक्षा, चित्रातला तो उगारलेला बाहू, ती झुकलेली मान शतकं ओलांडून कुठून आली, हा प्रश्न त्याला मोठा वाटू लागला. अनेक वर्षांनी लिहिलेल्या ‘द न्यूड’ या ग्रंथात हा प्रश्न ठायी ठायी आहे. मधल्या काळात त्याने विंडसरच्या राजसंग्रहातल्या लिओनार्दोच्या सुमारे 600 रेखाटनांची सूची केली. तिशीच्या आतल्या माणसाचं हे काम आजही अभ्यासक वापरतात.

आणि तिसाव्या वर्षी नॅशनल गॅलरीचा संचालक. इतका तरुण संचालक गॅलरीने आधी पाहिला नव्हता. राजाच्या चित्रसंग्रहाचंही काम त्याने घ्यावं म्हणून पाचवा जॉर्ज 1934 मध्ये स्वतः गॅलरीत आला, तेव्हा क्लार्कला नकार देणं जमलं नाही.

या पहिल्या वर्षांतल्या दोन-तीन गोष्टी मला त्याच्या खरेदीपेक्षा मोलाच्या वाटतात. (खरेदीही साधी नव्हती. बॉशचा काटेरी मुकुटाचा प्रसंग, अँग्रचं मादाम मॉयतेसिए, रेम्ब्रांटने फुलांच्या देवतेच्या रूपात रंगवलेली बायको सास्किया.) फुटबॉलच्या एफए कपच्या अंतिम सामन्याला उत्तरेकडच्या कारखान्यांच्या गावांतून माणसं झुंडीने लंडनला येत. सामना दुपारी. सकाळी मोकळा वेळ असतो, तर येतील इकडे, म्हणून त्या दिवशी क्लार्कने गॅलरी नेहमीपेक्षा लवकर उघडायला लावली. गॅलरीत विजेचे दिवे त्याच्याच काळात आले. त्याआधी लंडनच्या धुक्याच्या दिवसांत अंधारलं की दार बंद. दिवे आल्यावर संध्याकाळी, म्हणजे काम करणाऱ्या माणसाला सवड असते तेव्हा, चित्रं बघता येऊ लागली. आणि 1938 मध्ये त्याने एक पुस्तक केलं. चित्रांचे फक्त तुकडे, शंभर छायाचित्रं: एखादा हात, पार्श्वभूमीतला घोडा, खिडकीतून दिसणारी नदी. पूर्ण चित्र बघताना डोळा ज्यावरून घसरून जातो तिथे त्याने बोट ठेवलं.

गॅलरीतले जुने अभ्यासक त्याच्यावर खूश नव्हते. 1937 मध्ये त्याने चार छोटी चित्रं जॉर्जोने या थोर चित्रकाराची म्हणून 14,000 पौंडांना घेतली. सहकारी नको म्हणत होते. चित्रं निघाली आंद्रेआ प्रेविताली या दुय्यम चित्रकाराची. वर्तमानपत्रांतून व्हायची तेवढी छी-थू झाली. ती चित्रं अजून गॅलरीत आहेत, खऱ्या कर्त्याच्या नावानिशी, आणि सुंदर आहेत. क्लार्क भुलला तो नावाला की चित्राला, हे मला त्यांच्याकडे बघून ठरवता येत नाही. बहुधा चित्राला.

मग 1939 चा ऑगस्ट. 23 तारखेपासून अकरा दिवसांत गॅलरीतली चित्रं खोक्यांत भरून रेल्वेने वेल्सला गेली. शेवटची खेप 2 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारलं.

ट्रफाल्गर स्क्वेअरवर उरली ती भव्य इमारत. दालनामागून दालनं, रिकाम्या भिंती. लंडनमधली नाट्यगृहं, चित्रपटगृहं, मैफलींची सभागृहं सरकारी हुकमाने बंद झाली होती, रात्री काळोख पाळायचा होता. अशा दिवसांत मायरा हेस ही नामवंत पियानोवादक एक कल्पना घेऊन क्लार्ककडे आली: या रिकाम्या जागेत मैफल करता येईल का? अधूनमधून एखादी. क्लार्क म्हणाला, एखादी कशाला, रोज करू.

10 ऑक्टोबर 1939, दुपारी एक. तिकीट एक शिलिंग. थोडीफार माणसं येतील असा अंदाज होता, रांग चौकापर्यंत गेली. पहिल्या दिवशी हेस एकटीच वाजवायला बसली. तिच्या कार्यक्रमात बीथोव्हेनचा ‘अपासियोनाता’ होता. त्याचे पहिले सूर निघाले आणि निम्मे श्रोते रडत होते, आपणही रडत होतो, असं क्लार्कने लिहून ठेवलंय. आपण सगळे याचीच वाट बघत होतो, असं त्याला तेव्हा वाटलं.

बीथोव्हेन, बाख, शूबर्ट, ब्राम्स. सगळे जर्मन भाषेतले. शत्रूच्या देशातलं संगीत शत्रूच्या बॉम्बखाली बसून ऐकायचं, यावर त्या सभागृहात कोणी आक्षेप घेतला नाही. मला हे त्या युद्धातल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटतं. हिटलर म्हणजे जर्मनी हे समीकरण मान्य करायला त्या लोकांनी रोज दुपारी, एक शिलिंग मोजून, नकार दिला.

ही मैफल सोमवार ते शुक्रवार चालू राहिली. किती काळ, तर साडेसहा वर्षं. एकूण 1698 मैफली, श्रोत्यांची बेरीज सव्वाआठ लाखांच्या आसपास. 1940-41 च्या बॉम्बवर्षावात इमारतीवर नऊ वेळा बॉम्ब पडले, तेव्हा मैफल तळघरात गेली. एकदा तर इमारतीत न फुटता पडून राहिलेला बॉम्ब मैफल चालू असतानाच फुटला. दुसऱ्या टोकाला होता म्हणून कोणाला इजा झाली नाही, वादक वाजवत राहिले. कचेरीतली माणसं, परिचारिका, रजेवरचे सैनिक जेवणाच्या सुट्टीत यायचे, तिथल्याच कँटीनमध्ये सँडविच खायचे, तासभर ऐकायचे आणि कामावर परतायचे. संग्रहालय म्हणजे काय याची व्याख्या मला कोणी विचारली, तर चित्रं नसलेल्या या इमारतीबद्दल सांगायला मी सुरुवात करीन.

पण लोकांना चित्रंही हवी होती. 1942 च्या जानेवारीत ‘टाइम्स’मध्ये एका शिल्पकाराचं पत्र छापून आलं. लंडनचा चेहरा सध्या जखमी, काळानिळा पडला आहे, अशा वेळी सुंदर वस्तू बघण्याची गरज कधी नव्हे इतकी आहे, सुरक्षित जागी लपवलेल्या चित्रांपैकी काही तरी आम्हाला दिसू द्या, असं त्यात म्हटलं होतं. गॅलरीने नुकतंच रेम्ब्रांटचं एका वृद्ध स्त्रीचं व्यक्तिचित्र घेऊन थोडे दिवस मांडलं होतं. ते बघून ही भूक जागी झाली होती.

आता संचालकाच्या खुर्चीवर बसून विचार करा. बॉम्ब अजून पडू शकतात. खाणीतून चित्र बाहेर काढणं म्हणजे ते गमावण्याची तयारी ठेवणं. ही चित्रं राष्ट्राच्या मालकीची, नुकसान झालं तर जाब द्यावा लागणार. ‘युद्ध संपेपर्यंत शक्य नाही’ असं एका ओळीचं उत्तर पाठवता आलं असतं, कोणी बोट दाखवलं नसतं. क्लार्कने ठरवलं ते वेगळंच. महिन्याला एक चित्र खाणीतून आणायचं. एकच. ते दिवसा मांडायचं, रात्री खाली सुरक्षित खोलीत न्यायचं, भोंगा वाजला तर लगेच उचलायचं. गेलं तर एक जाईल, आणि असेपर्यंत सारं शहर ते बघेल.

लोकांनी काय मागितलं, हे ऐकण्यासारखं आहे. युद्धाने थकलेल्या माणसांना हलकंफुलकं, घरगुती काही हवं असेल असं वाटणं साहजिक. मागणी आली ती थोर चित्रांची. तिशन, एल ग्रेको. क्लार्कलाही याचं नवल वाटलं होतं. मार्च 1942 मध्ये पहिलं चित्र आलं तिशनचं ‘नोली मे तांगेरे’, म्हणजे ‘मला हात लावू नकोस’.

ते चित्र साधारण 1514 सालचं, तिशन ऐन उमेदीत होता तेव्हाचं. पहाट झालीय. क्रूसावर मेलेला येशू पुन्हा उठून बागेत उभा आहे, हातात माळ्याची खुरपणी. मेरी मॅग्डलीनने त्याला आधी माळीच समजलं होतं. आता ओळख पटलीय आणि ती गुडघ्यांवर कोसळून हात पुढे करतेय. तो मागे सरतो. अंगावरचं पांढरं वस्त्र आवरून घेतो, कमरेतून वाकतो. पण बघा, दूर सरतानाच त्याचं डोकं आणि खांदा तिच्यावर झुकलेला आहे. जवळ येऊ नको म्हणणारं शरीर पाखरही घालतंय. त्यांच्या मागे एकच झाड तिरकं वर गेलंय, उजवीकडे टेकडीवर घरं, डावीकडे पार निळसर होत गेलेली दूरवरची भूमी. जिवाभावाचा माणूस समोर आहे आणि त्याला हात लावता येत नाही, हे चित्र 1942 च्या लंडनमध्ये ज्यांनी बघितलं त्यांतल्या कित्येकींचे नवरे, मुलगे, भाऊ समुद्रापार होते. कित्येकांचे परत येणार नव्हते. त्या रांगेतल्या बायकांना त्याचा अर्थ समजावून सांगायला कुठल्या पाटीची गरज पडली असेल असं मला वाटत नाही.

एकच चित्र असलं की त्याच्यापुढून निघून दुसऱ्याकडे जाता येत नाही. आपण मोठ्या संग्रहालयात जातो आणि पायाला भिंगरी लागते: हे बघितलं, ते राहिलं, अजून दोन दालनं आहेत, पाच वाजता बंद होतं. बाहेर येताना थकवा तेवढा बरोबर येतो. क्लार्कने याबद्दल पुढे एका पुस्तकात फार प्रामाणिकपणे लिहिलं. संत्र्याचा वास आपण जेवढा वेळ मन लावून घेऊ शकतो, तेवढाच वेळ निव्वळ सौंदर्याचा आनंद टिकतो. त्याच्या स्वतःच्या बाबतीत दोन मिनिटांहूनही कमी. मग काय करायचं? त्याचं उत्तर असं की मन थकलं की चित्रकाराचं आयुष्य आठवायचं, चित्र कुठल्या काळातलं याचा विचार करायचा, तेवढ्यात डोळे ताजे होतात आणि पुन्हा चित्र दिसू लागतं. माहिती कशासाठी, तर पुन्हा बघता यावं म्हणून. ज्याने जन्मभर बघण्याचाच धंदा केला त्यानं ‘माझी दोन मिनिटं’ असं सांगावं, याचा मला फार आधार वाटतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वरच्या मजल्यावर टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रं आहेत. तिथे हल्ली मी एकाच चित्रापुढे उभी राहते. दोन मिनिटं बघायचं, थोडं आठवायचं, परत बघायचं. बाकीची चित्रं पुढच्या खेपेला.

खाणीतल्या चित्रांचीही एक गोष्ट राहिली. आतली हवा वर्षभर एका तापमानाची, एका ओलाव्याची ठेवलेली. तिथे चित्रांचे रंग पापुद्रे धरून सुटण्याचं प्रमाण एकदम उतरलं. लंडनच्या भिंतीवर जे दुखणं कायमचं होतं ते डोंगराच्या पोटात जवळपास थांबलं. संग्रहालयांत वातानुकूलन कशासाठी हवं याचा धडा असा एका पाटीच्या खाणीने दिला.

याच वर्षांत क्लार्कने आणखी एक काम केलं. चित्रकारांना युद्धाची चित्रं काढायला नेमणारी एक सरकारी समिती त्याने उभी केली. वरून हेतू युद्धाची नोंद ठेवण्याचा. मनातला हेतू त्याने नंतर उघड सांगितला, तो म्हणजे चित्रकार मरू नयेत. पहिल्या महायुद्धात एक पिढी कापली गेली होती. तरीही एरिक रॅव्हिलियससारखे गेलेच, त्याचं विमान 1942 मध्ये आइसलँडजवळ नाहीसं झालं. पण हेन्री मूर भुयारी रेल्वेच्या फलाटांवर उतरला आणि पांघरुणात गुरफटून ओळीने झोपलेली माणसं त्याने काढली. युद्धाच्या आधीपासून क्लार्क कित्येक होतकरू चित्रकारांना स्वतःच्या खिशातून पैसे देत होता. व्हिक्टर पॅसमोरला कारकुनी सोडून चित्रं काढता आली ती त्यामुळे. दोऱ्याच्या पैशाचं याहून चांगलं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

युद्ध संपलं, चित्रं परतली, आणि क्लार्कने 1945 मध्येच राजीनामा दिला. त्याला लिहायचं होतं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत निसर्गचित्रावर, पिएरो देला फ्रान्चेस्कावर, नग्नचित्रावर ग्रंथ आले. खासगी टीव्हीच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद घेतल्यावर प्रतिष्ठित मंडळींनी नाकं मुरडली, पण त्याला या माध्यमाची ओढ लागली होती. 1966 मध्ये बीबीसी-2 चा प्रमुख असलेल्या डेव्हिड अ‍ॅटनबरोने त्याला जेवायला बोलावलं. रंगीत टीव्ही येऊ घातला होता, पाश्चात्त्य कलेवर काहीतरी भव्य करायचं होतं. बोलता बोलता अ‍ॅटनबरोच्या तोंडून ‘सिव्हिलायझेशन’ हा शब्द गेला आणि क्लार्क तिथेच मनातल्या मनात भागांची आखणी करू लागला.

मालिका आजही बघावी अशी आहे. कॅमेऱ्याला घाई नाही. क्लार्क बोलायचा थांबतो आणि कितीतरी वेळ फक्त दगड, काच आणि संगीत. पण ती बघताना मराठी माणसाला एका जागी अडखळायला होतंच. पहिल्या भागात तो आयर्लंडच्या किनाऱ्यापुढच्या स्केलिग मायकल या खडकावर जातो. रोम पडलंय, युरोपभर टोळ्या धुमाकूळ घालताहेत, आणि समुद्रातल्या अशा सुळक्यांवर मूठभर साधू पोथ्या जपताहेत, संस्कृती अगदी थोडक्यात वाचली, असं त्याचं सांगणं. ते सांगणं हृद्य आहे. पण त्याच्या आगेमागेच, पाचव्या शतकात वाकाटकांच्या राज्यात अजिंठ्याच्या भिंतींवर पद्मपाणी रंगत होता. सहाव्या शतकात घारापुरीत तीन मुखांचा शिव कोरला जात होता. आठव्यात वेरूळला कैलास डोंगरातून वरून खाली उतरत होतं. संस्कृती थोडक्यात वाचण्याची वेळ आली होती ती एका खंडात. पौर्वात्य संस्कृती मी विसरलो असं समजण्याइतकं कोणी मंद असेल असं मला वाटलं नव्हतं, पण शीर्षकाने मला त्रास दिला, अशा आशयाची कबुली क्लार्कने मालिकेच्या पुस्तकात दिली. कबुली खरी, पण पुरी पडत नाही. ‘पश्चिम युरोपची’ एवढं लिहायला फार जागा लागली नसती.

दुसरा आक्षेप घरातूनच आला. 1972 मध्ये जॉन बर्जर या कला-समीक्षकाने त्याच बीबीसीवर चार भागांत क्लार्कच्या सबंध दृष्टीला आव्हान दिलं. गेन्सबरोचं मिस्टर आणि मिसेस अँड्र्यूज यांचं चित्र: झाडाखाली जोडपं, पलीकडे पिकलेलं शेत. क्लार्कला त्यात निसर्गावरचं प्रेम दिसलं होतं. बर्जर म्हणाला, अहो, ही शेतं त्यांच्या मालकीची आहेत, आणि चेहऱ्यावर तेच लिहिलंय. बर्जर बरोबर आहे. ते एकदा ऐकल्यावर त्या चेहऱ्यांवरची मालकी दिसायची थांबत नाही. पण पेंढ्यांवर पडलेलं ते ऊनही मला दिसतं, आणि ते क्लार्कने दाखवलंय.

घरी काय होतं? बायको जेन देखणी, हुशार, आणि दारूत बुडत गेलेली. क्लार्कचे इतर बायकांशी संबंध होते, ते तिला ठाऊक होते, तिचे थयथयाट त्याने वर्षानुवर्षं सोसले आणि तिची सेवाही केली. मुलांना बाप लांबचा वाटला. भावनेच्या बाबतीत आपल्याभोवती भिंत आहे हे त्यालाही कळत होतं. चित्रातली झुकलेली मान ओळखणारा माणूस घरातल्या माणसांजवळ झुकू शकला नाही. लहानपणीच्या त्या मोठ्या घराकडे यातलं किती जातं आणि त्याच्या स्वतःकडे किती, याचा हिशेब मी मांडणार नाही, पण जेनबद्दल वाचताना माझा जीव तुटतो. 1976 मध्ये ती गेली. त्याने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि 21 मे 1983 रोजी तो वारला.

मालिका अमेरिकेत अफाट गाजली. 1970 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने पदक देण्यासाठी त्याला बोलावलं. दालनं माणसांनी खच्चून भरलेली. तो चालत निघाला तसे लोक उभे राहिले, ओरडू लागले, त्याच्याकडे हात पसरू लागले. अर्ध्या वाटेत त्याला हुंदका आवरेना. समारंभ कसाबसा उरकून तो स्वच्छतागृहात गेला आणि पाव तास ओक्साबोक्शी रडला. आपल्याला कसं वाटलं ते त्याने आत्मचरित्रात लिहिलंय: प्लेगने ग्रासलेल्या देशात एखादा परका पाहुणा यावा आणि लोकांनी त्याला डॉक्टर समजावं, तसं. आपण लबाडी करतोय, असं त्याला वाटत राहिलं.

ते पान मी अनेकदा वाचलंय. त्याच्या रडण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण डॉक्टर समजण्यात त्या लोकांची चूक झाली होती, हे काही मला पटत नाही.